‘चौथी स्टेज’: एका बाळाच्या भवितव्याविषयीचं बोलणं कुठे चुकलं, कुठे सावरलं

हे प्रकरण नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागातलं आहे. मी तिथे वरिष्ठ डॉक्टर म्हणून काम करत होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला आई-वडिलांची परवानगी आहे. मसुदा वाचून आईने दोन ठिकाणी माझी स्मरणशक्ती दुरुस्त केली, त्या दुरुस्त्या तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

गरोदरपणाचे २५ आठवडे ३ दिवस झाले असतानाच बाळ जन्मलं. मुलगी, वजन ७४० ग्रॅम. आईला घरी अचानक रक्तस्राव सुरू झाला. वार सुटायला लागली होती. रुग्णालयात पोचल्यावर तासाभरात सिझेरियन करावं लागलं. कमी दिवसांच्या बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला जी इंजेक्शनं देतात, त्यांचा एकच डोस देता आला. या इंजेक्शनांनी बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही कमी होतो, पण त्यासाठी वेळ मिळावा लागतो. इथे तो मिळाला नाही.

वेळ नव्हता म्हणून आणखी एक गोष्ट राहून गेली. बाळंतपणाआधी बालरोगतज्ज्ञाने आई-वडिलांना भेटायचं असतं. इतक्या कच्च्या बाळाचं काय होऊ शकतं, आपण काय काय करणार आहोत, हे तेव्हा सांगायचं असतं. त्या संध्याकाळी वडिलांच्या हातात कागद आले, त्यांनी सह्या केल्या आणि पाऊण तासाने त्यांना कळलं की मुलगी झाली आहे आणि ती काचेत आहे.

बाळाला श्वासनळीत नळी घालून सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध, दिलं आणि व्हेंटिलेटरवर ठेवलं. पहिले दोन दिवस त्या मानाने शांत गेले. आईची तब्येत मात्र नाजूक होती. रक्त चढवावं लागलं, आणि ती वेगळ्या मजल्यावरच्या वॉर्डात पडून होती. वडील दिवसातून तीन-चार वेळा यायचे आणि आईने काढलेला चीक छोट्या सिरिंजमधून आणून द्यायचे. एका वेळी दोन मिली, कधी त्याहून कमी. सिस्टर त्यावर तारीख-वेळ लिहून ठेवायच्या. या सिरिंजांना पुढे महत्त्व आहे.

तिसऱ्या दिवसाची रात्र

इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत, पोकळ्यांच्या काठाला, नव्या पेशी तयार करणारा एक थर असतो. तिथल्या रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात. साधारण ३४ आठवड्यांपर्यंत हा थर जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून पूर्ण दिवसांच्या बाळांत हा त्रास क्वचित दिसतो. कच्च्या बाळांत मात्र रक्तदाब थोडा वर-खाली झाला तरी तिथे रक्त फुटू शकतं, आणि बहुतेक वेळा ते पहिल्या ७२ तासांतच होतं.

तिसऱ्या रात्री बाळ एकाएकी पांढरं पडलं, टाळू ताठ लागली, हिमोग्लोबिन घसरलं, हाता-पायांना झटके आले. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांत रक्त होतं. उजवीकडे थोडं, डावीकडे भरपूर, आणि डाव्या पोकळीलगतच्या मेंदूच्या भागातही पांढरा पंखा पसरावा तसा डाग होता. वैद्यकीय भाषेत हा चौथ्या श्रेणीचा रक्तस्राव.

ड्यूटीवरचा रेसिडेंट, म्हणजे निवासी डॉक्टर, चोवीस तास जागा होता. त्याने रक्त चढवलं, झटक्यांचं औषध सुरू केलं, मला फोन केला आणि मग बाहेर जाऊन वडिलांना सांगितलं. कॉरिडॉरमध्ये, उभ्या उभ्या, दोन-तीन मिनिटांत. नंतर त्याने मला ते शब्द जसेच्या तसे सांगितले: “बेबीच्या ब्रेनमध्ये ब्लीडिंग झालंय. ग्रेड फोर आहे. क्रिटिकल आहे. आम्ही प्रयत्न करतोय.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

पुढच्या छत्तीस तासांत काय झालं

चौथ्या दिवशी सकाळी मी वडिलांना भेटले. मला वाटलं, रात्री त्यांना सगळं सांगून झालंय. मी म्हणाले, “परिस्थिती गंभीर आहे, आत्ताच काही सांगता येणार नाही.” त्यांनी मान हलवली. काही विचारायचंय का, असं मी विचारलं. ते नाही म्हणाले. त्या ‘नाही’चा अर्थ मी ‘समजलं’ असा घेतला.

त्याच दुपारी मेंदूविकारतज्ज्ञांचं मत फोनवर घेतलं. वडील शेजारी उभे होते, आणि स्पीकरवरून त्यांच्या कानावर एक वाक्य पडलं: “अशी मुलं पुढे बेडवरच राहतात.” तज्ज्ञांनी फोटो पाहिलेले नव्हते, फक्त श्रेणी ऐकली होती. संध्याकाळी सिस्टर त्यांना धीर द्यायला म्हणाल्या, “लढतेय हो पोरगी, बघा कशी हात हलवतेय.” रात्री दुसऱ्या रेसिडेंटने सांगितलं, “स्टेबल आहे.”

म्हणजे दीड दिवसात वडिलांनी चार जणांकडून चार गोष्टी ऐकल्या: चौथी श्रेणी, काही सांगता येत नाही, बेडवरच राहील, लढतेय आणि स्थिर आहे. मोजायला गेलं तर पाच होतात, कारण त्यातलं एक वाक्य माझं होतं आणि ते बोलणं म्हणून मोजावं असं मला अजूनही वाटत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी सिस्टरांच्या लक्षात आलं की फ्रीजमध्ये नवीन सिरिंज नाही. आधीच्या दुपारपासून दूध आलंच नव्हतं. त्यांनी वडिलांना विचारलं, “ताईंना दूध येत नाहीये का?” वडील बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आता कशाला त्रास द्यायचा तिला? चौथी स्टेज आहे ना.”

त्यांची आई कर्करोगाने गेली होती. तिच्या वेळी डॉक्टरांनी ‘चौथी स्टेज’ हेच शब्द वापरले होते आणि त्यानंतर ती तीन आठवडे जगली होती. ‘ग्रेड फोर’ त्यांच्या कानात ‘चौथी स्टेज’ होऊन शिरलं, आणि त्या क्षणापासून त्यांच्या लेखी मुलगी जाणार होती. फक्त कधी, एवढाच प्रश्न होता. बायकोला त्यांनी सांगितलं होतं की सगळं ठीक आहे, दुधाची सध्या गरज नाही.

आईने त्याचा जो अर्थ लावला तो आम्हाला नंतर कळला. दूध नको म्हणतात म्हणजे बाळ गेलं, आणि मी आजारी आहे म्हणून मला सांगत नाहीत. जवळजवळ एक पूर्ण दिवस ती आपलं मूल गेलं असं धरून पडून होती. कुणाला विचारलंही नाही. “विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं,” असं ती नंतर म्हणाली.

अडचण नेमकी काय होती

वरवर पाहता हा एका शब्दाचा घोटाळा. ‘ग्रेड’ ऐवजी दुसरा शब्द वापरला असता तर काम झालं असतं, असं वाटू शकतं. मलाही आधी तसंच वाटलं, आणि रेसिडेंटवर चिडायला ते सोयीचंही होतं.

श्रेणीची ही पद्धत मुळात बोलण्यासाठी नाहीच. लू-ॲन पपाइल आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दीड किलोच्या आतल्या बाळांच्या सीटी स्कॅनवरून ती मांडली. डॉक्टरांनी एकमेकांशी एका भाषेत बोलावं, हा तिचा उपयोग. त्यातली चौथी श्रेणी ही तिसरीच वाढत जाऊन होते, असं तेव्हा मानलं जायचं. आता आपल्याला माहीत आहे की पोकळीतल्या रक्ताने शेजारच्या शिरांचा निचरा अडतो आणि त्या भागाला मार बसतो, म्हणजे ती वेगळ्या प्रकारची इजा आहे. शिवाय एकाच ‘चार’मध्ये फार वेगवेगळी बाळं येतात. मेंदूच्या एका बाजूला लहानसा डाग असलेलं बाळ आणि दोन्ही बाजूंना मोठे डाग असलेलं बाळ, दोघांचाही आकडा चारच, पण त्यांची पुढची आयुष्यं सारखी नसतात. आमच्या बाळाचा डाग एकाच बाजूला होता, आणि ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वडिलांना कुणीच सांगितली नव्हती.

म्हणून मला अडचणी तीन दिसतात. आकडा मिळाला, पण त्याचा अर्थ नाही मिळाला. अर्थ सांगण्याआधी त्यांना काय वाटतंय हे कुणी विचारलं नाही. आणि जिचं मूल आहे ती या सगळ्यातून बाहेरच राहिली. तिसरी अडचण आम्हाला तेव्हा अडचण वाटतच नव्हती. वडिलांना सांगितलं म्हणजे घरच्यांना सांगितलं, असं आमचं चाललं होतं.

आमच्यासमोरचे पर्याय

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही टीम म्हणून बसलो. मी, माझे एक ज्येष्ठ सहकारी, दोन्ही रेसिडेंट आणि सिस्टर. सिस्टरांना बैठकीत बसवायची पद्धत नव्हती. त्यांच्यामुळेच हे उघडकीला आलं, म्हणून त्या बसल्या.

पहिला पर्याय होता आठवडाभर थांबण्याचा. पुढच्या सोनोग्राफीत चित्र स्पष्ट होईल, मग बोलू. हा पर्याय नेहमी शहाणपणाचा वाटतो, आणि डॉक्टरांना तो आवडतो कारण त्यात चुकण्याची भीती कमी. पण तोवर आईच्या लेखी मूल मेलेलं राहणार होतं. हा पर्याय कुणी फार वेळ धरून ठेवला नाही.

दुसरा पर्याय माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मांडला: उपचारांची दिशा बदलण्याचा विषय आत्ताच काढावा. म्हणजे व्हेंटिलेटर काढायचा, बाळाला वेदना होणार नाहीत हे पाहायचं आणि तिला आई-वडिलांच्या कुशीत जाऊ द्यायचं. याविषयीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. नैतिक प्रश्न मात्र सगळीकडे तोच असतो. त्यांचं म्हणणं मला निष्ठुर वाटलं नाही. पंचवीस आठवड्यांचं बाळ, मेंदूला मोठी इजा, पुढे आतड्यांचे, डोळ्यांचे, फुप्फुसांचे धोके उभेच. “हे सगळं आपण कुणासाठी करतोय, हे विचारायला हवं,” असं ते म्हणाले. शिवाय व्हेंटिलेटर सुटल्यावर हा प्रश्न विचारण्याची वेळच निघून जाते, हेही त्यांनी सांगितलं. ते खरं आहे.

तिसरा पर्याय, सगळे आकडे पुढे ठेवायचे आणि निर्णय आई-वडिलांवर सोडायचा. हा वरून फार आदराचा दिसतो. मला तो पळवाटीचा वाटतो. आकडे कसे मांडतो त्यावर उत्तर ठरतं. २००८ मध्ये अतिकच्च्या बाळांच्या संदर्भात झालेल्या एका अभ्यासात लोकांना एकच माहिती दोन प्रकारे दिली होती: काहींना किती बाळं वाचतात ते सांगितलं, काहींना किती दगावतात ते. माहिती तीच, पण वाचण्याचा आकडा ऐकलेल्यांनी प्रयत्न करण्याच्या बाजूने जास्त कौल दिला. म्हणजे ‘निर्णय तुमचा’ म्हणताना आपण तो अर्धा घेऊन झालेला असतो.

चौथा पर्याय शेवटी निवडला. आई-वडिलांना एकत्र भेटायचं, आधी त्यांना बोलू द्यायचं, मग आम्हाला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही ते सांगायचं. उपचार चालू ठेवायचे, पण मुदत आणि खुणा ठरवून. दिशा बदलण्याचा विषय लपवायचा नाही आणि ढकलायचाही नाही. माझे सहकारी याला तयार झाले ते एका अटीवर: त्यांचं मतही आई-वडिलांना कळलं पाहिजे. मला ते आवडलं नाही. आज वाटतं, अट बरोबर होती.

बैठक

सहाव्या दिवशी सकाळी आईला व्हीलचेअरवरून खाली आणलं. सरळ बोलण्याच्या खोलीत न्यायचं ठरलं होतं. सिस्टर म्हणाल्या, “आधी बाळाकडे.” कुणाला विचारायला त्या थांबल्या नाहीत. आईने काचेच्या पेटीच्या खिडकीतून हात आत घातला, आणि सिस्टरांनी तो बाळाच्या डोक्यावर आणि पावलांवर कसा ठेवायचा ते दाखवलं: कुरवाळायचं नाही, नुसता स्थिर ठेवायचा. वीस मिनिटं गेली. तोवर मी खोलीत बसून घड्याळ बघत होते, हेही सांगायला हवं.

दूध काढण्याच्या मशीनची ती छोटी खोली. फोन बाहेर दिले. मी, सिस्टर, आई, वडील. रेसिडेंटला मी मुद्दाम बसवलं, बोलण्यासाठी नाही, ऐकण्यासाठी.

वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची एक पद्धत २००० मध्ये कर्करोगाच्या डॉक्टरांसाठी मांडली गेली, आता ती सगळीकडे शिकवतात. जागा नीट निवडा, समोरच्याला काय माहीत आहे ते विचारा, किती जाणून घ्यायचंय ते विचारा, मग सांगा, भावनांना जागा द्या, पुढचं ठरवा. आमच्या भिंतीवर तिचा तक्ता होता. त्यातली दुसरी पायरी माझ्याकडून याआधी किती वेळा पाळली गेली, हे मी मोजायला गेले नाही.

मी विचारलं, “आतापर्यंत तुम्हाला काय सांगितलंय, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?”

वडील म्हणाले, “चौथी स्टेज आहे म्हणाले. मेंदूत.” आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मला कुणी काहीच सांगितलं नाही.”

मी एका कागदावर मेंदूचे दोन अर्धे भाग काढले. डावीकडे पेनाने डाग केला. हा कॅन्सर नाही, हा वाढत पसरत जाणारा आजार नाही, रक्तस्राव झाला आहे आणि मेंदूच्या या भागाला मार बसला आहे, असं सांगितलं. आकडा का वापरतात तेही सांगितलं. वडिलांनी विचारलं, “म्हणजे ती जाणार नाही?” मी म्हणाले, “जाऊ शकते. ती फार लहान आहे आणि पुढचे काही आठवडे धोक्याचे आहेत. पण या डागामुळेच जाईल असं नाही.” ते रडायला लागले. तेव्हा मी थांबले. तक्त्यात तसं लिहिलंय म्हणून नाही, पुढे काय बोलावं ते सुचत नव्हतं म्हणून.

मग मी चूक केली. शांतता भरून काढायला मी आकड्यांकडे वळले. एकाच बाजूला अशी इजा झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांत शरीराच्या विरुद्ध बाजूला कमजोरी राहते, आणि त्यातली बरीच मुलं चालू लागतात, असं मी म्हणाले. वडिलांनी डोळे पुसत विचारलं, “म्हणजे ती निम्मी बरी होईल?”

हा प्रश्न चुकीचा नाही. आमच्यासाठी टक्केवारी म्हणजे शंभर बाळं. त्यांच्यासमोर एकच बाळ आहे आणि ते एकतर चालेल किंवा चालणार नाही. मी कागद पुन्हा घेतला. दहा छोटी वर्तुळं काढली, सहा रंगवली, “ही सगळी तिच्यासारखी बाळं. ती यातली कोणती, ते आज आम्हाला माहीत नाही,” असं म्हणाले. सहा हा आकडा मी ‘निम्म्याहून जास्त’ दाखवायला घेतला होता, नेमका म्हणून नाही, आणि तेही सांगितलं.

त्यानंतर मी विचारलं की सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते. वडील म्हणाले, “आम्ही नसू तेव्हा तिचं कोण बघणार?” आईने दुसराच प्रश्न विचारला: “तिला दुखतंय का?”

सहा दिवसांत आमच्यापैकी कुणीही हे सांगितलं नव्हतं. बाळाच्या वेदनेची नोंद होत होती, औषध चालू होतं, टाच टोचण्याआधी साखरेचे थेंब दिले जात होते. सगळं होतं, फक्त आईला माहीत नव्हतं. सिस्टरांनी ते सावकाश सांगितलं. आईने पुढे विचारलं, “ती मला ओळखेल का?” मी चालण्याविषयी बोलत होते, आईला ओळखीविषयी ऐकायचं होतं. मी सांगितलं की आज दिसतंय त्यावरून, ती ओळखेल असं मला वाटतं. शिकण्यात अडचण येऊ शकते, पण एका बाजूच्या इजेने आईला न ओळखण्याइतकं नुकसान होईल अशी माझी अपेक्षा नाही.

मग उपचारांविषयी बोललो. माझ्या सहकाऱ्यांचं मत मी सांगितलं: काही अनुभवी डॉक्टरांना वाटतं की इतकं सोसायला लावण्याऐवजी यंत्र काढणं हाही प्रेमाचाच मार्ग असू शकतो, आणि तसं तुम्हाला वाटलं तर त्यात काही अपराध नाही. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वडिलांनी तो प्रश्न विचारला जो दरवेळी येतोच. “मॅडम, तुमची मुलगी असती तर?”

मला शिकवलं होतं की याचं उत्तर द्यायचं नाही. मी दिलं. “आजच्या फोटोवर मी यंत्र काढायला सांगितलं नसतं. दुसऱ्या बाजूलाही असा डाग आला किंवा आतडी फाटली, तर माझं उत्तर बदलेल.” माझ्या सहकाऱ्यांच्या मते मी तिथे निर्णय घेऊन टाकला. कदाचित. पण वर्षानुवर्षं अशी बाळं पाहिलेल्या माणसाने त्या प्रश्नावर हात वर केले असते तर त्यांनी ते तटस्थपणा म्हणून घेतलं नसतं. ‘सांगण्यासारखं नाही’ असाच अर्थ लावला असता. या मुद्द्यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

ठरलं ते असं: सात दिवस सगळे उपचार चालू. आठवड्यात दोन सोनोग्राफी. तीन गोष्टींपैकी एक जरी झाली, म्हणजे उजवीकडे तशीच इजा, आतड्यांचा गंभीर त्रास किंवा मूत्रपिंडं बंद पडणं, तर त्याच दिवशी पुन्हा बसायचं. काहीच झालं नाही तरी त्या दिवसापासून आठव्या दिवशी बसायचंच. भवितव्याविषयी फक्त मी किंवा माझे सहकारी बोलणार, बाकीचे आजच्या दिवसापुरतं सांगणार. फाइलच्या पहिल्या पानावर आई-वडिलांचे शब्द लिहिले: वेदना, ओळख, आमच्यानंतर कोण.

बैठक चाळीस मिनिटं चालली, असं मी आधी लिहिलं होतं. आई म्हणते, तासाच्या वर. तिच्या म्हणण्यावर विश्वास ठेवते. त्याच दुपारी फ्रीजमध्ये नवी सिरिंज आली.

पुढचे आठवडे

बैठकीपासूनच्या आठव्या दिवशी सांगण्यासारखं वाईट काही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात पोकळ्यांत पाणी साचून डोक्याचा घेर वाढू लागला. आधी पाठीतून पाणी काढलं, मग टाळूजवळ कातडीखाली छोटी टाकी बसवून तिथून काढलं. कायमची नळी बसवायची वेळ आली नाही. या टप्प्यावरचं बोलणं सोपं गेलं, कारण पाणी वाढू शकतं हे कागदावर आधीच काढून दाखवलेलं होतं. पाचव्या आठवड्यात व्हेंटिलेटर सुटला.

आणि तेच पुन्हा

चाळीस आठवडे पूर्ण होण्याच्या सुमाराला एमआरआय केला. डाव्या बाजूच्या डागाच्या जागी पोकळी झाली होती. महत्त्वाचं म्हणजे, मेंदूकडून स्नायूंकडे हालचालीचे आदेश नेणारे तंतू जिथून एकत्र उतरतात, तिथे डावी बाजू उजवीपेक्षा फिकी दिसत होती. या वयात हा फरक दिसला तर विरुद्ध अंगाला कमजोरी राहण्याची शक्यता बरीच वाढते. दहा वर्तुळांपैकी आमचं बाळ कोणतं, याचं उत्तर आता बऱ्यापैकी आलं होतं.

ते मी डिस्चार्जच्या दिवशी दारात उभ्याने सांगितलं. “उजवा हात-पाय थोडा वीक राहील, फिजिओथेरपी लगेच सुरू करा.” बाकी सगळे मिठी मारत होते, फोटो काढत होते. मी आनंदात होते. बाळ घरी जात होतं. ते वाईट बातमीचं बोलणं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पंधरा दिवसांनी आई तपासणीला आली. बाळाचं वजन, दूध, डोळे सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, “मॅडम, ती जाणार का राहणार तेव्हा तुम्ही एक तास बसला होतात. आता ती राहिली, तर दोन मिनिटं?” हे वाक्य मी मऊ करून लिहिलं होतं, तिने मूळ शब्द परत घातले.

त्या दिवशी आम्ही बसलो. कागद पुन्हा निघाला, वडिलांनी घडी घालून पाकिटात ठेवलेला, तोच. पहिल्या काही महिन्यांतच कमजोर हाताला काम मिळालं तर मेंदूची जुळणी त्या दिशेने होण्याची संधी जास्त असते, चांगल्या हाताला ठरावीक वेळ मोजा घालून दुसऱ्याला खेळवता येतं, हे सांगितलं. वडिलांचा जुना प्रश्न, ‘आमच्यानंतर कोण’, तोही त्या दिवशी पहिल्यांदा नीट बोलला गेला. जवळजवळ चार महिने तो फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेला होता.

सध्या

अपेक्षित तारखेपासून मोजलं तर मुलगी आता दोन वर्षांची आहे. विसाव्या महिन्यात चालू लागली, उजव्या पायात घोट्याला आधार देणारी पट्टी घालून. उजवी मूठ अर्धवट उघडते, डावा हात पुढे असतो आणि उजवा मदतीला. दोन शब्द जोडून बोलते. डोळ्यांच्या तिरकेपणासाठी चष्मा आहे. शाळेत काय होईल ते शाळेत गेल्यावर कळेल.

ती चालते म्हणून सहाव्या दिवशीचं बोलणं बरोबर ठरत नाही. त्या आठवड्यात उजवीकडे रक्तस्राव झाला असता आणि बाळ आईच्या कुशीत गेलं असतं, तरी त्या बोलण्याचा हिशेब हाच राहिला असता: तिला दुखत नव्हतं हे आईला माहीत असतं का, वडील बायकोशी खरं बोलू शकले असते का.

वेगळं काय करता आलं असतं

सिझेरियनआधी पाच मिनिटं मिळाली असती. मी त्या संध्याकाळी युनिटमध्ये होते. ऑपरेशन थिएटरच्या दारात वडिलांना माझा चेहरा दिसला असता तरी तिसऱ्या रात्री त्यांनी कुणाला तरी विचारलं असतं.

आई खाली येऊ शकत नव्हती, पण मी वर जाऊ शकत होते. दोन मजले.

फोनवरचं तज्ज्ञांचं मत स्पीकरवर घेणं ही साधी निष्काळजी होती. त्याहून मोठी गोष्ट अशी की फोटो न पाहता नुसत्या श्रेणीवर मत मागितलं गेलं, आणि मागितलं ते मी.

रेसिडेंटला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने रात्री तीन वाजता एकट्याने बाळ सावरलं आणि मग एकट्याने बापाला सामोरा गेला. अशा वेळी त्याने फक्त एवढं म्हणायचं, की बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाला आहे, आत्ता ती स्थिर करतोय, सकाळी मॅडम बसून सगळं सांगतील, आणि तोवर तुमच्या मनात काय येतंय ते मला सांगा. हे आम्ही आता नव्या रेसिडेंटना एकमेकांवर सराव करून शिकवतो. मजेची गोष्ट म्हणजे शेवटचा प्रश्न विचारताना सरावातही जीभ अडखळते.

‘ग्रेड’ हा शब्द आई-वडिलांसमोर वापरायचा नाही, असा नियम करायचा प्रस्ताव आला होता. मी तो मानला नाही. रिपोर्टवर तो लिहिलेला असतो, फोनवर शोधला की समोर येतो. त्यापेक्षा शब्द आपणच सांगावा आणि त्याच श्वासात तो कशाचा नाही तेही सांगावं.

रोजच्या राउंडच्या कागदावर आम्ही एक नवा रकाना घातला आहे: ‘वेदनेविषयी आज आईशी कोण बोललं?’ सोमवार ते शनिवार तिथे बहुतेक वेळा नाव असतं. रविवारी तो अजूनही बऱ्याचदा रिकामाच सापडतो.